फुकट द्यावं की देऊ नये? छोट्या धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि कडक भाकरी विकायचा आमचा घरगुती धंदा आहे. सतरा वर्षं झाली. बचत गटातल्या बायका, नव्याने धंद्यात उतरलेल्या मैत्रिणींच्या सुना, हल्ली नोकरी सोडून आलेली मुलंसुद्धा फोन करतात. बोलणं लायसन्सपासून सुरू होतं, पाकिटाच्या डिझाइनवर जातं आणि शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं: फुकट काय द्यायचं, किती द्यायचं, कुठे हात आखडायचा. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

फुकट दिल्याने धंदा वाढतो का? हो की नाही, तेवढंच सांगा.

चव फुकट दिली तर वाढतो. पोट भरेपर्यंत दिलं तर आटोपतो.

मग भाजीवाली कोथिंबीर-मिरची फुकट देते, तिला कसं परवडतं?

तिच्याइतकं हे गणित कुणालाच कळलेलं नाही. एकदा नुसतं उभं राहून बघा. सकाळी सातला मागितली तर चार काड्या हातावर टेकवते, त्याही मोजून. संध्याकाळी आठला न मागता मूठभर कोंबते. कारण ती जुडी उद्या सकाळी पिवळी पडणार, तिला कुणी विचारणार नाही. म्हणजे संध्याकाळी ती जे देते त्याची किंमत तिच्या लेखी जवळजवळ शून्य असते, आणि आपण मात्र ‘मावशी चांगली आहे हो’ म्हणत दुसऱ्या दिवशी तिच्याच पाटीपाशी थांबतो. सकाळच्या चार काड्यांचे पैसे वांग्या-टोमॅटोच्या भावात आधीच बसलेले असतात.

त्याहून मोठी हुशारी पावसाळ्यात दिसते. कोथिंबीर कडाडली की ती सरळ सांगते, “आज नाही ताई, लई महाग झालीय.” आणि आपण मुकाट्याने मान डोलावतो. तिने ‘भाजीवर कोथिंबीर मोफत’ अशी पाटी कधीच लावलेली नसते, त्यामुळे तिचा शब्दही मोडत नाही.

ही सवय आपल्याकडे किती मुरलेली आहे ते ब्लिंकिट या घरपोच किराणा-भाजीच्या ॲपलाही कळलं. भाजीबरोबर कोथिंबिरीचे वेगळे पैसे मोजावे लागले म्हणून आईला धक्का बसला, असं मुंबईतल्या एका ग्राहकाने समाजमाध्यमावर लिहिलं. मे २०२४ मध्ये कंपनीने भाजीच्या ऑर्डरवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. एवढं मोठं ॲप, पण शेवटी मावशीचाच कित्ता गिरवावा लागला.

जत्रेत, प्रदर्शनात स्टॉल लावतोय. चाखायला किती द्यायचं?

अंदाजाने देऊ नका, हिशेब करा. माझा मांडून दाखवते, तुम्ही तुमचे आकडे घाला.

१०० ग्रॅम चटणीचं पाकीट ६० रुपयांना. आतली चटणी २८ रुपयांना पडते, पाकीट-लेबल-सीलिंग ६ रुपये. म्हणजे पडता भाव ३४, सुटतात २६.

आता चव. एक किलो चटणी चाखायला काढली, ती २८० रुपयांची. कडक भाकरीच्या छोट्या तुकड्यावर चार ग्रॅम लावली तर अडीचशे तुकडे होतात. त्याला दहा भाकऱ्या लागतात, १५ रुपयांप्रमाणे १५०. कागद, हातमोजे, पाणी वगैरे ५० धरा. एकूण ४८०. पाकिटामागे २६ सुटतात, म्हणजे हा खर्च भरून यायला १९ पाकिटं जास्तीची जायला हवीत. अडीचशे जणांनी चाखलं आणि त्यातल्या १९ जणांनी घेतलं, म्हणजे तेरा-चौदा जणांत एकाने घेतलं, की चव फुकटात पडली. त्यापुढचं सगळं कमाईचं.

‘जास्तीची’ हा शब्द विसरू नका. जो माणूस चाखल्याशिवायही घेणारच होता, त्याचं पाकीट यात धरायचं नाही. ते कळणार कसं? पहिल्या दिवशी दुपारी दोन तास चाखायला न देता विकून बघा आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन तासांत देऊन बघा. मी पुण्याच्या भीमथडी जत्रेत हे केलं होतं. फरक इतका होता, की त्यानंतर चव देणं बंद करायचा विचारही डोक्यात आला नाही.

आणखी एक. डबा उघडा ठेवून “घ्या हो, घ्या” म्हणायचं नाही. आपल्या हाताने तुकड्यावर चटणी लावायची आणि समोरच्याच्या हातात द्यायची. कडक भाकरी चावायला वेळ लागतो. तोंडात घास असताना माणूस हलत नाही, आणि कुणीतरी हातात दिलेलं खात असताना तर पाठ फिरवणं त्याला जडच जातं. ते दहा-पंधरा सेकंद तुमचे. तेवढ्यात “ही उखळात कुटलेली आहे, तेल तिचं तिनेच सोडलेलं आहे” इतकंच सांगायचं. लांबण लावायची नाही.

लोक चाखतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि निघून जातात. फार राग येतो.

येऊ द्या, पण चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्यातले काही परतीच्या फेरीला येतात. जत्रेत माणूस आधी सगळं फिरतो आणि जाताना पिशव्या भरतो. चारदा फिरून फिरून चाखणारी पोरं असतात, त्यांना पाचव्यांदाही द्या. आईला ओढत आणणारी तीच असतात.

‘एकावर एक फ्री’ लावू का? बाकी सगळे लावतात.

वरचेच आकडे घ्या. दोन पाकिटांचा पडता भाव ६८, हातात आले ६०. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे आठ रुपये तुम्ही पदरचे घातले. जितकी गर्दी तितका तोटा. संध्याकाळी गल्ला फुगलेला दिसतो, म्हणून माणूस खूश होऊन घरी जातो आणि महिनाअखेरीला शेंगदाणेवाल्याचं बिल आलं की डोकं धरून बसतो.

बाकीचे लावतात, कारण एक तर त्यांचा पडता भाव विक्रीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो (सौंदर्यप्रसाधनं, कपडे), नाहीतर माल संपायच्या तारखेला आलेला असतो, नाहीतर छापील किंमतच आधी वाढवलेली असते. तुमच्या मालात यातलं काही असेल तर लावा.

‘तीनवर एक’ चालू शकतं. चार पाकिटं १३६ ला पडली, १८० आले, ४४ सुटले. तीन पाकिटं सरळ विकली असती तर ७८ सुटले असते. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार करायचा कशाला? समोरचा एकच पाकीट घेणार होता आणि योजनेमुळे चार घेऊन गेला, तर २६ च्या जागी ४४ मिळाले. तो तसाही तीन घेणाराच होता, तर ३४ गेले. आपल्याकडे एक घेणारे जास्त येतात की तीन घेणारे, हे ज्याच्या वहीत लिहिलेलं नाही त्याने योजना लावू नये.

फुकट म्हटलं की लोक इतके पिसाळतात का? पाच रुपये सूट दिली तर ढुंकून बघत नाहीत.

माणूस पैशाचे निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणारे डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला चॉकलेटचा प्रयोग प्रसिद्ध आहे, २००७ मध्ये छापून आला. एका टेबलावर दोन चॉकलेटं ठेवली. एक भारी, १५ सेंटला, दुसरं साधं, १ सेंटला. ७३ टक्के लोकांनी भारी घेतलं, कारण त्या भावात ते स्वस्तच होतं. मग दोन्हींचा भाव एकेक सेंटने उतरवला. भारी १४ ला, साधं फुकट. दोन्हींतला फरक तोच, चौदा सेंटचा. तरी ६९ टक्के लोक साध्या चॉकलेटकडे वळले.

म्हणजे एक रुपया आणि शून्य रुपये यांच्यात एका रुपयाचं अंतर नसतं. पैसे मोजायचे असले की माणूस ‘फसलो तर?’ असा विचार करतो. फुकटात फसायची भीती नाही. फुकटचं ते पौष्टिक, हे आपल्या आज्यांनी कुठलाही प्रयोग न करता सांगून ठेवलंय.

यातून धंदेवाल्याने दोन गोष्टी उचलाव्यात. फुकटामुळे गर्दी जमते, हे खरं. पण तुमचा चांगला माल आणि तुमचीच फुकटची वस्तू शेजारी शेजारी ठेवलीत, तर लोक चांगल्याला सोडून फुकटचं उचलतील. फुकट वस्तू चांगल्या मालाची पायरी असावी, त्याची सवत नसावी.

आमचा पदार्थ इथे कुणाला माहीतच नाही. विकत कोण घेणार?

मग फुकट देण्याला पर्याय नाही, पण नुसतं वाटू नका, करायला शिकवा. चहाचंच बघा. आज आपण ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही’ म्हणतो, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या बहुतेक घरांत चहा नव्हता. इथे पिकायचा आणि परदेशात जायचा. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभा केला गेला, आणि १९३० च्या दशकात जगभर मंदी येऊन माल पडून राहिला तेव्हा या प्रचाराला खरा जोर चढला. गावोगावच्या बाजारात, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर माणसं चहा करून दाखवायची आणि कपभर फुकट पाजायची. पाणी किती, पत्ती किती, किती वेळ मुरवायचा, सगळं समोर. लोकांनी पुढे त्यात दूध वाढवलं, आलं-वेलची घातली, मुरवायचा सोडून उकळला, ते सोडा. सवय लागली.

कपभर चहा एका बैठकीत संपतो आणि उद्या सकाळी पुन्हा हवासा वाटतो, म्हणून तो फुकट पाजणं शहाणपणाचं ठरलं. हीच गोष्ट तुम्ही लोखंडी तव्याबाबत करून बघा. एकदा तवा दिला की वीस वर्षं तो माणूस तुमच्या दारात येणार नाही.

मालाबरोबर काही वस्तू फुकट द्यायची तर कुठली?

जी घरात दिसत राहील, किंवा जिच्यासाठी पोरं आईच्या मागे लागतील. माझ्या पिढीला बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी आठवत असतील. हत्ती मिळाला तर हरिण हवं असायचं. पेस्ट संपायच्या आत नवीन खोकं आणा म्हणून आम्ही ब्रशवर दुप्पट पेस्ट घ्यायचो. वस्तूची किंमत काही पैसे असेल, पण ती एकटी पुरी होत नव्हती, पुढच्याची ओढ लावायची.

उलट, दुकानाचं नाव छापलेली पेनं, किचेन यांवर पैसे घालवू नका. कॅलेंडर चालतं. मात्र तिथ्या, चतुर्थ्या आणि दुधाचा हिशेब लिहायला चौकट असलेलंच हवं, नाहीतर ते दाराआड जातं.

आणि फुकट दिलेल्या वस्तूवर नजर ठेवा. विल्यम रिगली हा माणूस १८९१ मध्ये शिकागोत आला तो साबण विकायला. साबणावर बेकिंग पावडर फुकट द्यायचा. लोक साबण सोडून पावडरच मागायला लागले, म्हणून त्याने पावडरच विकायला घेतली आणि तिच्यावर च्युइंगगम फुकट ठेवला. लोक गम मागायला लागले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे छोट्या प्रमाणात तेच झालं. कडक भाकरी आम्ही फक्त चटणी चाखवायला आणायचो. ‘ही भाकरी विकत मिळेल का?’ असं लोक विचारायला लागले आणि आज निम्मा गल्ला भाकरीचा आहे.

जिलेटने रेझर फुकट दिले आणि ब्लेडवर कमावलं, असं सगळ्या व्याख्यानांत सांगतात. तसं काही करावं का?

ती गोष्ट सांगतात तशी घडलेली नाही. जिलेटचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला तो पाच डॉलरला, त्या काळी चांगलाच महाग. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पेटंट हातात होतं तोवर कंपनीने भाव चढाच ठेवला. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, दुसरेही तसे रेझर करू लागले, त्यानंतर कुठे रेझर स्वस्त झाला.

तरी युक्तीत तथ्य आहे, अट एवढीच की दुसरी वस्तू फक्त तुमच्याकडेच मिळायला हवी. मसाल्याचा डबा फुकट दिलात तर गिऱ्हाईक त्यात शेजारच्या दुकानातला मसाला भरेल. डब्याला काय कळतं?

जिओने तर सगळंच फुकट दिलं आणि बाजार मारला!

५ सप्टेंबर २०१६ ला सुरुवात, आधी डिसेंबरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. १७० दिवसांत १० कोटी गिऱ्हाइकं. सगळं खरं. पण त्याआधी दीड लाख कोटी रुपयांच्या घरात गुंतवणूक झालेली होती, आणि एकदा टॉवर उभे राहिले की आणखी एका माणसाने इंटरनेट वापरल्याने खर्चात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे प्रत्येक जादा पाकिटाला शेंगदाणे लागतातच. शिवाय त्यांच्या फुकटाला पहिल्यापासून संपायची तारीख होती. तिथून शिकायचंच तर ते तारीख घालणं शिका.

आणि ती गर्दी बघताना दुसऱ्या बाजूचं विसरू नका. त्यानंतर दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडियाला एकत्र यावं लागलं. अशी झुंज ज्याची तिजोरी खोल त्याने खेळावी.

QR कोड, पेमेंट ॲप आपल्याला फुकट देतात, ते का मग?

जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. म्हणून कोडचा कागद फुकट, आणि ‘साठ रुपये प्राप्त हुए’ असं ओरडणाऱ्या डबीचं महिन्याला भाडं. पुढे कर्जाचा फोन. ही चव आहे, पोट भरायला ते नंतर बसवतात. डबी घ्यायला हरकत नाही, मी घेतलीय. फक्त भाडं वहीत लिहा.

फुकट देणं कुणाच्या अंगाशी आलंय का?

हूवरच्या. व्हॅक्यूम क्लीनरवाली हूवर. १९९२ मध्ये त्यांच्या ब्रिटनमधल्या कंपनीने जाहीर केलं, की १०० पाउंडांवर काहीही घ्या आणि विमानाची दोन परतीची तिकिटं मिळवा. आधी युरोपची, मग अमेरिकेची. फॉर्म, अटी, तारखा यांच्या जंजाळात बरेच जण गळतील, असा हिशेब होता. लोक गळले नाहीत. तिकिटासाठीच क्लीनर घेऊ लागले, मागण्यांचा ढीग पडला, तिकिटं देता येईनात, प्रकरण कोर्टात गेलं. खर्च जवळजवळ ५ कोटी पाउंडांवर पोचला आणि १९९५ मध्ये तो युरोपातला धंदाच विकावा लागला.

दमडीची कोंबडी, रुपयाचा मसाला, हे खरंच. पण मला त्यातली खरी खोट दुसरीच दिसते. गिऱ्हाइकाने फुकटचं मागायला येऊ नये, अशी आशा धरून त्यांनी फुकट जाहीर केलं होतं. सगळेच्या सगळे मागायला आले तर काय होईल, हा आकडा आधी काढायचा. तो झेपत नसेल तर पाटी लावायची नाही.

घरच्यांना, नातेवाइकांना फुकट द्यायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि नेहमी हळू आवाजात येतो.

मार्च-एप्रिलमध्ये मसाल्याचा हंगाम. मिरच्या उन्हात, अंगण लाल, घरात सगळे शिंकतायत. तेवढ्यात फोन. “वहिनी, यंदा दोन किलो बाजूला ठेव हं. आणि जाऊबाईंनाही एक किलो हवाय, त्यांना मागच्या वेळचा फार आवडला.” पैशाचं नाव नाही. मागायला आपली जीभ रेटत नाही, आणि द्यायला मन धजत नाही. पहिली काही वर्षं मी देत गेले. मग एका वर्षी वहीच्या शेवटच्या पानावर ‘घरचं’ असं लिहून सगळं टिपून ठेवलं. दसऱ्याला बेरीज केली, तर दोन महिन्यांच्या कांडपाचे पैसे त्या पानावर निघाले. सासूबाईंना पान दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या फोनला त्यांनीच सांगितलं, “वन्सं, मिरची यंदा महाग आहे हो, तिला पैसे पाठवा.” आत्येसासूबाईंनी पाठवलेही.

आता आमचा रिवाज असा: दिवाळीला प्रत्येक घरी अर्धा किलो मसाला आणि चटणीचं एक पाकीट आमच्याकडून, न मागता, आमच्या हाताने. एरवी सगळ्यांना बिल. आपणहून दिलेल्याला मान असतो. मागून घेतलेल्याचं पुढच्या वर्षी हक्कात रूपांतर होतं. आणि ‘घरच्यांसाठी कमी भाव’ ठेवू नका. त्यापेक्षा पूर्ण भाव लावा आणि वर एक पाकीट ठेवा. कमी भाव लोक विसरतात, वरचं पाकीट लक्षात राहतं.

माझ्याकडे माल नाही, हुन्नर आहे. शिवणकाम, शिकवणी, डिझाइन. मी काय फुकट देऊ?

संध्याकाळची कोथिंबीर उरते, तसे तुमचे तास उरत नाहीत. म्हणून इथे हात जास्त आखडा. शिकवणीचा एक डेमो ठीक, तोही चार-पाच मुलांना एकत्र बसवून. ब्लाउज शिवणारीने एक ब्लाउज फुकट शिवून देऊ नये. जुना घट्ट झालेला ब्लाउज पाच मिनिटांत उसवून सैल करून द्यावा. बाईला तुमचा हात कळतो आणि तुमचा दिवस जात नाही. डिझाइनवाल्यांनी ‘आधी दोन लोगो करून दाखवा, आवडले तर पैसे’ याला सरळ नाही म्हणावं. केलेली जुनी कामं दाखवा, तीच तुमची चव.

वायरमन, फ्रिजवाले विचारतात, नुसतं बघायला जायचे पैसे घ्यावेत का? घ्यावेत, आणि काम मिळालं तर बिलातून वजा करावेत.

फूड ब्लॉगर फुकट माल मागतात.

एक पाकीट द्या. त्यापुढे पाच हजार मागितले तर नमस्कार करा.

होम डिलिव्हरी फुकट ठेवू का?

‘इतक्या रकमेपुढे फुकट’ असं ठेवा. तुमच्याकडचं नेहमीचं बिल ३५० चं असेल तर मर्यादा ५०० ठेवा. माणूस ६० रुपये डिलिव्हरी वाचवायला १५० चा माल जास्त घेतो. ४०० ठेवलीत तर काही हलत नाही, १००० ठेवलीत तर तो नाद सोडतो. पाचशेच्या बिलावर सुटतात किती आणि कुरिअर घेतो किती, हे मात्र आधी बघा. लोणच्याच्या बरण्या पाठवणाऱ्यांचं यात हमखास चुकतं, काचेचं वजन धरत नाहीत.

जीएसटी आणि कायद्याचं काय?

उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर जीएसटीचा भाग सोडून द्या. नोंदणी असेल तर एवढं लक्षात ठेवा: फुकट नमुना किंवा भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट (म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करून घेणं) मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. ‘एकावर एक’ मात्र त्यात येत नाही. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकानुसार ती एका किमतीत दोन वस्तूंची विक्री धरली जाते, क्रेडिट मिळतं. बिलावर तसंच लिहा, ‘फ्री’ची वेगळी ओळ शून्य रुपयांनी टाकून घोळ करू नका. बाकी सीएला विचारा.

जाहिरातीबद्दल ९ जून २०२२ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ‘फुकट’ म्हणायचं आणि पॅकिंगचे किंवा हाताळणीचे पैसे लावायचे, किंवा मालाचा दर्जा नाहीतर वजन उतरवून वर काहीतरी फुकट द्यायचं, हे चालत नाही. फुकट पुडी आहे म्हणून अन्न परवान्यातूनही सूट नाही. लेबल, तारीख, सगळं हवं.

फुकट सुरू केलं खरं, आता झेपत नाही. बंद कसं करू?

सगळ्यात अवघड काम हेच. पुण्यात मिसळीबरोबरच्या वरच्या रश्शाच्या, म्हणजे सॅम्पलच्या, दुसऱ्या वाटीला कुणी पैसे लावले की काय गहजब होतो ते बघा. जून २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा किती दुकानदारांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला असेल. फुकट पिशवी बंद करायचं धाडस कुणाला नव्हतं, सरकारने परस्पर करून टाकलं. तुमच्यासाठी सरकार येणार नाही, तेव्हा सुरुवातीलाच तारीख लिहा: ‘संक्रांतीपर्यंत’, ‘पहिल्या शंभर जणांना’. तारीख लिहिली नसेल, तर एकदम काढून घेऊ नका. सणाशी बांधा, मग दोन सणांना, मग एकाच.

मी ही चूक केलेली आहे. एका वर्षी प्रदर्शनात जोश चढला आणि प्रत्येक पाकिटावर ५० ग्रॅमची पुडी फुकट वाटली. अठरा रुपयांना पडायची. माल उठला, आम्ही खूश. पुढच्या वर्षी पुडी नव्हती, तर येईल तो विचारी, “ती छोटी पुडी नाही का यंदा?” ६० चं पाकीट तेच, चव तीच, पण लोकांना आपल्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. दोन वर्षं लागली ते पुसायला. आता ती पुडी ३५ रुपयांना विकतो आणि बरी जाते.

एक आजोबा मात्र दर डिसेंबरला येतात, पाकीट घेतात, सुटे मोजून देतात आणि तसेच हात पुढे करून उभे राहतात. त्यांना पुडी देते. संध्याकाळी वहीत लिहितेही: आजोबा, १, अठरा रुपये.